एसडीएस-पेज आणि ब्लू नेटिव्ह पेज: पटलातल्या प्रथिनांसाठी कोणते, कधी?

दोन्हींत पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचेच जेल (पेज म्हणजे अशा जेलमधून विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करण्याची पद्धत), दोन्हींत प्रथिने ऋणाग्राकडून धनाग्राकडे सरकतात. फरक आहे तो प्रथिनाला ऋण प्रभार कोण देते, यात.

पहिल्यात तो एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट हे डिटर्जंट) देते. साधारण 1 ग्रॅम प्रथिनाला 1.4 ग्रॅम एसडीएस चिकटते, घडी उलगडते, उपघटक सुटे होतात आणि आकारानुसार क्रम लागतो. पटलातल्या (मेम्ब्रेनमधल्या) प्रथिनांच्या बाबतीत मात्र हे गणित बऱ्याचदा फसते. त्यांचे पाणी टाळणारे भाग एसडीएस कमीजास्त धरतात, शिवाय घडीही पुरती उलगडत नाही. ई. कोलाय या जिवाणूच्या पटलातले लॅक्टोज परमिएज हे प्रथिन 46 किलोडाल्टनचे, पण जेलवर 33 च्या आसपास उतरते. तेव्हा पट्टा खाली दिसला म्हणून प्रथिन तुटले असे लगेच धरून चालू नये. नमुना 95 अंशांवर उकळणे ही आणखी एक सवयीची चूक. विद्राव्य प्रथिनांना ते चालते. पटलातली अनेक प्रथिने मात्र त्यात एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि वेलच्या (नमुना भरायच्या खाचेच्या) तोंडाशीच अडकतात. त्यापेक्षा 37 अंशांवर अर्धा तास ठेवावे. नमुन्यात पोटॅशियमही नको, नाहीतर एसडीएसचा पांढरा साका बसतो.

ब्लू नेटिव्ह पेज शेगर आणि फॉन यागोव यांनी 1991 मध्ये मांडले. इथे प्रभार देतो कुमासी जी-250. जेल रंगवायला वापरतात तोच हा रंग, पण इथे तो शोभेला नाही. प्रथिन न उलगडता तो त्याच्या पृष्ठभागावर बसतो, म्हणून संकुल (अनेक प्रथिनांचा एकत्र जोडलेला समूह) अखंड राहते.

सगळा खेळ पटल विरघळवण्याच्या पायरीवर आहे. तंतुकणिकांसाठी (मायटोकॉन्ड्रियासाठी) 1 ग्रॅम प्रथिनामागे 4 ते 6 ग्रॅम डिजिटोनिन हे सौम्य डिटर्जंट घेतात. बर्फावर 20 मिनिटे ठेवून 20,000 जीला फिरवतात आणि वरचा द्राव घेतात. त्यात डिटर्जंटच्या वजनाच्या पाव ते अष्टमांश कुमासी घालून 3 ते 12 टक्क्यांच्या ग्रेडियंट (वरून खाली दाट होत जाणाऱ्या) जेलवर 4 अंशांना चालवतात. रंगाची कड एक-तृतीयांश उतरली की ऋणाग्राकडचा गडद निळा बफर फिक्या बफरने बदलतात. डिजिटोनिनमध्ये श्वसनसाखळीची महासंकुले (एकत्र जुळलेली संकुले) टिकतात, डोडेसिल माल्टोसाइड या दुसऱ्या डिटर्जंटमध्ये ती बहुतांशी सुटतात आणि 1,000 किलोडाल्टनच्या आसपासचे संकुल 1 (श्वसनसाखळीतले पहिले) एकटे दिसते. मीठ 50 मिलिमोलरच्या वर गेले की कुमासी आणि प्रथिने साकळून लेन फराटे मारते. त्याऐवजी 6-अमिनोकॅप्रोइक आम्ल वापरावे. ब्लॉट (जेलमधल्या प्रथिनांचा पातळ पडद्यावर घेतलेला ठसा) पीव्हीडीएफच्या पडद्यावरच घ्यावा, नायट्रोसेल्युलोज कुमासी धरून ठेवते.

दोन्ही एकामागून एकही लावता येतात: निळ्या जेलची लेन कापून 1 टक्का एसडीएसमध्ये भिजवायची आणि एसडीएस-जेलवर आडवी ठेवायची. एका उभ्या रेषेत आलेले ठिपके एकाच संकुलाचे असू शकतात, किंवा सारख्या आकाराच्या दोन संकुलांचेही. डिटर्जंट बदलून पाहिले आणि ते सोबतच हलले, तरच पहिला अंदाज धरावा.