उन्हाची तिरीप पकडताना

मळभ दाटलेलं असताना ढगांत फट पडते आणि समोरच्या उतारावरून उन्हाचा एक पट्टा सरकू लागतो. डोंगराचा चांगला फोटो बहुतेक वेळा या पट्ट्यातच मिळतो, आणि बिघडतोही तिथेच. कॅमेऱ्याचा मीटर चौकटीतल्या उजेडाची सरासरी धरतो. बरीचशी चौकट सावलीत असली की तो एक्स्पोजर, म्हणजे आत घेतला जाणारा उजेड, वाढवतो, आणि उन्हातला उतार पांढराफटक पडतो. लख्ख ऊन आणि दाट मळभ यांत साधारण ३ स्टॉपचा (१ स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे ८ पटींचा फरक असतो.

म्हणून पहिला पट्टा मोजणीसाठी वापरावा. मॅन्युअल मोडवर, म्हणजे आकडे आपणच ठरवायच्या सेटिंगवर, यावं. पट्टा उतारावर असताना एक चाचणी फोटो घ्यावा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, उजवीकडे सर्वांत उजळ भाग) उजव्या कडेला टेकत नाही ना, ते पाहावं. आयएसओ (संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ आणि शटर १/४०० सेकंद ही उन्हासाठी ठीक सुरुवात आहे. त्यानंतर ढग आले, स्क्रीन काळवंडली, तरी आकड्यांना हात लावू नये. पुढचा पट्टा आला की फक्त बटण दाबायचं. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, असावी. सावल्या नंतर उजळता येतात, जळालेलं ऊन परत येत नाही.

पुढचा पट्टा कधी येईल, याचा अंदाज बांधता येतो. ढग ताशी ३६ किलोमीटरने सरकत असतील, तर १ किलोमीटर रुंदीची फट एखाद्या जागेवरून १०० सेकंदांत निघून जाते. मात्र अंगाला लागणाऱ्या वाऱ्यावरून हिशेब करू नये, वरचा वारा निराळा असतो. शेजारच्या डोंगरावरून सरकणारी सावली पाहावी.

उन्हं कलली की रंग बदलतो. सूर्य ३० अंशांवर असताना किरण डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने दुप्पट हवेतून येतात, क्षितिजावर असताना जवळपास ३८ पट. हवेचे रेणू ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतात, त्यामुळे माथ्यापर्यंत उरतो तो तांबडा. इथे ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल आपोआप साधणारी सेटिंग) घात करतो, तो तांबडेपणा चूक समजून पुसू पाहतो. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर ठेवावा. लाल चॅनेलचा, म्हणजे फक्त लाल रंगाचा, हिस्टोग्रामही वेगळा पाहावा. एकूण आलेख ठीक दिसतो तेव्हाही लाल जळालेला असू शकतो.

धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं. मीटर त्याला करडं करतो: धुक्यात १ स्टॉप, उन्हातल्या बर्फावर दीड-दोन स्टॉप वाढवावेत. ऑटोफोकस चाचपडू लागला, तर जवळच्या कातळाची कडा धरावी.

सर ओसरली की सूर्याकडे पाठ करावी. इंद्रधनुष्य सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती ४२ अंशांवर उमटतं. पायाखाली दरी असेल तर अर्ध्याहून जास्त कमानही दिसते. पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा फिल्टर) लावलेला असेल तर जपून. इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित, म्हणजे बहुतांशी एकाच दिशेने कंप पावणारा, असतो. फिल्टर एका बाजूला फिरवला की रंग खुलतात, आणखी ९० अंश फिरवला की तिथली कमान जवळजवळ नाहीशी होते. वाइड लेन्समध्ये तर कमानीचा एक भाग उजळतो आणि दुसरा विझतो. अशा वेळी फिल्टर काढून ठेवलेलाच बरा.

वाऱ्यात ट्रायपॉडचे शेवटचे बारीक टप्पे आणि मधला दांडा बाहेर काढू नयेत. बॅग लटकवायची तर ती जमिनीला टेकलेली हवी. झुलणारी बॅग ट्रायपॉडच हलवते.

आणि एक. सुंदर उघडीप बरेचदा वादळाच्या कडेलाच असते. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा धारेवरून लगेच खाली उतरावं, ट्रायपॉड गुंडाळत बसू नये.