मणक्याचं इन्फेक्शन

मणक्यात जंतू शिरून हाड आणि दोन मणक्यांमधली गादी खराब होते, तिथं पू साठतो, त्याला मणक्याचं इन्फेक्शन म्हणतात. सांगली-मिरजेकडं कंबर दुखली की पहिलं निदान घरातच होतं, "गॅप आलाय", मग पट्टा, मग मालिश, आणि यातच दोन-चार महिने निघून जातात. पण आडवं पडल्यावर, रात्रीसुद्धा दुखतंय, संध्याकाळी कणकण येतेय, वजन उतरतंय, तर गॅप बाजूला ठेवून तपासून घ्यावं.

आपल्याकडं यात टीबी सगळ्यात जास्त. पर्सिव्हल पॉट या इंग्लिश सर्जननं 1779 मध्ये याचं वर्णन केलं म्हणून मणक्याच्या टीबीला पॉट्स स्पाइन म्हणतात. खोकला नसला तरी होतो, त्यामुळं टीबीचा संशयच येत नाही. कधी पू स्नायूतून खाली उतरून जांघेत गाठ येते. शुगरवाल्यांना, डायलिसिसवाल्यांना स्टॅफिलोकोकस जंतूचं इन्फेक्शनही होतं, ते बहुतेक वेळा टीबीपेक्षा झपाट्यानं वाढतं. तिसरा जंतू ब्रुसेला, गोठ्यातून, जनावरांकडून येणारा. म्हणून डॉक्टर विचारतात, धारोष्ण दूध पिता का, घरची गाय-म्हैस गाभडली होती का, व्यायल्यावर तिची वार (गर्भाची पिशवी) हातानं काढली का. प्रश्न विचित्र वाटतो, पण जत-आटपाडीच्या पेशंटला तो विचारलाच पाहिजे.

सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, एमआरआयमध्ये लवकर कळतं. ईएसआर, सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या बहुतेक वेळा वाढलेल्या असतात, पण त्यावरनं जंतू कुठला ते कळत नाही. त्यासाठी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, ब्रुसेलाची रक्ततपासणी, आणि सीटी स्कॅनमध्ये बघत सुई घालून काढलेला तुकडा, तो सीबीनॅट, म्हणजे टीबीचा जंतू शोधणारी तपासणी, आणि कल्चरला जातो. सीबीनॅटमध्ये रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला टीबी दाद देईल का तेही कळतं. पेशंट गंभीर नसेल तर सॅम्पल आधी, अँटिबायोटिक नंतर, नाहीतर कल्चर कोरं येतं आणि पुढं सगळं अंदाजानं.

टीबीला साधारण 12 महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट. रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते, घाबरायचं नाही, पण एथाम्ब्युटॉल हे टीबीचं दुसरं औषध चालू असताना नजर किंवा रंग बदलल्यासारखे वाटले तर लगेच सांगायचं. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत, रेझिस्टन्स, म्हणजे जंतूनं औषधाला दाद न देणं, असाच तयार होतो. पू करणाऱ्या जंतूंना साधारण 6 आठवडे अँटिबायोटिक, ब्रुसेलाला डॉक्सीसायक्लिनसोबत दुसरं औषध, बऱ्याचदा 3 महिने. ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही. मज्जारज्जूवर दाब, वाढत जाणारं पोक, औषधाला दाद न देणारा पू, अशा वेळी करतात. पाय लुळे पडायला लागले किंवा लघवी अडली तर मात्र सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं.