सूप दाट आहे, पण कशाने?

"रात्री फक्त सूप घेतो," असं सांगणाऱ्या मधुमेहींना मी आधी एकच विचारते: दाटपणा कशाचा? कॉर्नफ्लोअर लावलेलं भाज्यांचं सूप आणि शिजवून घोटलेल्या मसुरीचं सूप वाडग्यात जवळजवळ सारखंच दिसतं.

ओळखायचं असेल तर वाडगा थोडा वेळ तसाच ठेवा. कॉर्नफ्लोअरच्या सुपाला चकाकी असते, ते एकजीव राहतं आणि गार झालं की थुलथुलीत होतं. मसुरीचं सूप तळाशी बसायला लागतं, वर पाणी सुटतं. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा निव्वळ स्टार्च. उकळत्या पाण्यात त्याचे कण फुगतात म्हणून सूप आळतं, पण असा शिजलेला स्टार्च पचतोही लवकर. मसुरीच्या स्टार्चला तंतू आणि प्रथिनांची सोबत असते, म्हणून साखर सावकाश चढते.

आता कर्बोदकं कशात जास्त? इथे बरेच जण फसतात. मोठा चमचाभर कॉर्नफ्लोअरमध्ये साधारण ७ ग्रॅम, आणि तो चमचा दोन-तीन वाडग्यांत वाटला जातो. अर्धा कप शिजलेल्या मसुरीत मात्र साधारण २० ग्रॅम! पण त्याबरोबर ९ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि ८ ग्रॅमच्या आसपास तंतू येतात, पोट भरतं. म्हणून मसुरीच्या सुपाला जेवणातच धरायचं आणि तेवढा भात किंवा ब्रेड कमी घ्यायचा. "सूपच तर आहे" म्हणून वर पूर्ण जेवण केलं, तर हिशेब चुकलाच.

कॉर्नफ्लोअरचं सूप एवढ्यासाठी टाकून देऊ नका. पण ते जेवण नव्हे. आईला मी तेच हलकं म्हणून द्यायचे, तासाभरात तिला भूक लागायची, मग दोन टोस्ट. साखर चढायची टोस्टने, नाव व्हायचं सुपाचं. आता भाज्या गाळत नाही, वरून उकडलेलं अंडं किंवा चिकनचे तुकडे घालते. कॉर्नफ्लोअर बहुतेक वेळा लागतच नाही.

पाकिटातल्या सुपाचं वेगळं. तिथे घटकांच्या यादीत स्टार्च, साखर किंवा मॅल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली, लगेच पचणारी पूड) पहिल्या तीन-चारांत दिसलं, तर ते पाकीट परत ठेवा. मिठाचा आकडाही बघा: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डाळींचं प्रमाणही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर नुसत्या पातळ सुपावर रात्र काढू नका, साखर एकदम उतरू शकते. रक्तातली साखर ७० मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली गेली, तर मसुरीचं सूप देत बसू नका. त्याचा सावकाशपणा त्या वेळी नडतो. तिथे ग्लुकोज किंवा साखरेचं पाणीच द्यायचं.