साडेचार मीटरची लाट की साडेचार मीटरची भरती?

दर पावसाळ्यात मुंबईत एक बातमी ठरलेली: ‘आज दुपारी साडेचार मीटर उंच लाटा उसळणार.’ लोक मरीन ड्राइव्हवर गर्दी करतात. पण तो आकडा लाटेचा नसतोच. भरतीला पाणी किती चढणार, त्याचा तो अंदाज असतो. लाट त्याच्यावर, वेगळी. समुद्रातून मिळणाऱ्या विजेबद्दल बोलतानाही हीच गल्लत होते.

भरती येते चंद्र-सूर्याच्या ओढीने. कोकणात तिथीची पाऊणपट करून तिची वेळ काढतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती. रोज साधारण ५० मिनिटं उशीर, बस्स. इतकं चोख वेळापत्रक हाताशी असल्यावर बांध घालायचा, दारं लावायची, टर्बाइन बसवायची. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर २४० मेगावॅटचं असं केंद्र १९६६ पासून आहे. अडतं ते जागेपाशी. रान्सला भरती-ओहोटीतला फरक सरासरी आठ मीटर. मुंबईत उधाणालाही जेमतेम पाच, आणि भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या, लहान भरतीच्या) दिवसांत त्याहून बराच कमी. खंभातचं आखात मात्र या बाबतीत श्रीमंत.

लाट वाऱ्याची. कुठेतरी दूर वादळ होतं आणि त्याचे हेलकावे दोन दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. तिची ताकद उंचीच्या वर्गाने वाढते: दोन मीटर उंचीच्या, आठ-आठ सेकंदांनी येणाऱ्या लाटांमधून दर मीटर रुंदीला साधारण १६ किलोवॅट ताकद वाहत असते, उंची चार मीटर झाली की चौपट. डिझाइन करणाऱ्याला घाम फुटतो तो इथे. यंत्र रोजच्या लाटेवर डोलेल इतकं हलकं हवं आणि वादळात तुटणार नाही इतकं दणकटही. पोर्तुगालमध्ये अगुसादोराच्या समुद्रात २००८ मध्ये सापासारखी तीन लांबलचक यंत्रं सोडली होती, एकूण सव्वादोन मेगावॅटची. तांत्रिक बिघाड आणि पैशाची ओढाताण; काही महिन्यांतच ती परत बंदरात आली.

शिवाय अशा अनेक यंत्रांचं ‘शेत’ करायचं तर मांडणीचा प्रश्न. यंत्रं एकामागे एक ठेवली तर मागच्याच्या वाट्याला उष्टं येतं, म्हणून ओळी लाटेच्या वाटेत आडव्या टाकतात. त्यात प्रत्येक यंत्र डोलताना स्वतःच्या लाटा उठवतं. त्या शेजाऱ्याला साथ देतील की मारक ठरतील, हे अंतरावर ठरतं. (स्कॉटलंडच्या पेंटलंड सामुद्रधुनीत समुद्रतळावर पाणपंखे बसवले आहेत. तेही शेतच, पण भरतीच्या प्रवाहाचं.)

मला स्वतःला किनाऱ्याला धरून राहणारी यंत्रं जास्त पटतात. केरळात विळिंजमला १९९१ मध्ये १५० किलोवॅटचं असं एक उभं राहिलं: काँक्रीटची खोली, पाण्याखाली एका बाजूने उघडी. लाट आत शिरली की वरची हवा नळीतून फुसकन बाहेर, ओसरली की तीच हवा आत. वेल्स टर्बाइनचं चक्र दोन्ही वेळा एकाच दिशेने फिरतं. स्पेनमधल्या मुत्रिकु बंदरात २०११ पासून लाटा अडवणाऱ्या भिंतीतच अशा १६ खोल्या आहेत. भिंत तशीही बांधायचीच होती.