हिंगाचा खडा आला कुठून?

वाल, पावटे, हरभऱ्याची डाळ वातूळ असते, हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. बिरड्याच्या फोडणीत हिंग जरा सढळ हातानेच पडतो. तरीही पोट फुगलं, करपट ढेकरा सुरू झाल्या, तर ताकात हिंग-जिरं. तान्हं बाळ पाय पोटाशी घेऊन रडायला लागलं, तर बेंबीभोवती हिंगाचा कोमट लेप. इतका हा हिंग घरचा झाला आहे, पण आपल्या मातीत तो कधीच उगवला नाही.

हिंग म्हणजे बडीशेपेच्या कुळातल्या एका झुडपाच्या मुळाचा वाळलेला चीक. झुडूप इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशियाच्या कोरड्या, थंड डोंगरांतलं. मूळ चार-पाच वर्षांचं झालं की त्याला चिरा देतात आणि पाझरलेला चीक सुकल्यावर खरवडून घेतात. संस्कृतात हिंगाचं एक नाव ‘बाल्हीक’, म्हणजे बल्ख प्रांताकडचा. माल परदेशचा आहे हे जुन्या वैद्यांनी नावातच सांगून ठेवलं होतं, पुढे आपण ते विसरलो.

चरकसंहितेत भूक वाढवणाऱ्या आणि वाताला खाली वाट करून देणाऱ्या द्रव्यांत हिंगाला अग्रस्थान आहे. हिंगाष्टक चूर्णाची कृती तर अजून तीच: सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि आठवा हिंग. हे चूर्ण तुपात कालवून जेवणाच्या पहिल्या घासाला घ्यायचं. आज आपण डब्यातून चमचाभर काढून नुसतं पाण्याबरोबर गिळतो, ती पद्धत मागाहूनची.

हिंगाचा सगळ्यात मजेदार पुरावा गोव्यात छापला गेला. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. पुढे मुंबई बेटही त्याच्याकडे खंडाने होतं. १५६३ मध्ये त्याने भारतातल्या औषधींवर संवादरूपाने ग्रंथ काढला. भारतभर औषधात आणि जेवणात सर्वांत जास्त वापरली जाणारी वस्तू म्हणजे हिंग, असं त्यात तो लिहितो आणि एक किस्सा सांगतो. विजयनगरात एका पोर्तुगिजाकडे उमदा घोडा होता, पण त्याला गॅसेसचा इतका त्रास की राजा तो विकत घेईना. मालकाने पिठात हिंग कालवून घोड्याला चारला आणि घोडा बरा झाला. राजाने चांगली किंमत मोजली आणि औषध विचारलं. हिंग म्हटल्यावर राजा म्हणाला, नवल नाही, ते देवांचं अन्न आहे. त्यावर पोर्तुगीज आपल्या भाषेत पुटपुटला, सैतानाचं म्हणा! वासाबद्दल दोघांचं एकमत होणं शक्यच नव्हतं.

डाळीने पोट का फुगतं, याचा उलगडा मात्र अलीकडचा. डाळी-कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या फोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांना आंबवतात आणि वायू सुटतो. कडधान्य भिजवून पाणी टाकून देण्याने यातला काही भाग निघून जातो, म्हणजे बिरडं भिजत घालण्यात निम्मा उपाय आधीच झालेला असतो. हिंगातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे आतड्याची ओढ सैल पडते असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. माणसांवरच्या चाचण्या मात्र थोड्या आणि लहान आहेत, त्यामुळे हिंगाला सर्व पोटदुखीवरचं औषध म्हणणं मला पटत नाही. वजन घटत असेल, शौचातून रक्त पडत असेल, घास गिळताना अडकत असेल, तर हिंग बाजूला ठेवून डॉक्टरच गाठावा. आणि बाळाला हिंग पोटात देऊ नये. पाच आठवड्यांच्या एका बाळाला तो पाजल्यावर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटल्याची नोंद १९८४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे.

डबीतला हिंगही निव्वळ हिंग नसतो. शुद्ध चीक इतका उग्र की मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळून तो सौम्य करतात. गव्हाचं पथ्य असणाऱ्यांनी म्हणूनच डबीवरचा मजकूर वाचून घ्यावा.

भारत वर्षाला सुमारे १२०० टन कच्चा हिंग आयात करतो. पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा संस्थेने इराणी बियाण्यापासून रोपं तयार केली आणि १५ ऑक्टोबर २०२० रोजी हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात, क्वारिंग गावी, पहिलं रोप लावलं. बर्फाचं, कोरडं खोरं आहे ते. हिंगाला तेच मानवतं. वाल पिकवणाऱ्या कोकणातला पाऊस त्याच्या मुळांना सोसायचा नाही.