अर्ध्या फेऱ्यातली पाचर

गेल्या महिन्यात आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर हललं. शनिवारी फिटर आले, पार्टिशन उतरवली, टेबलं सुटी केली आणि रविवारी संध्याकाळी वर सगळं पुन्हा उभं होतं. दोनच आठवड्यांत माझ्या टेबलाची बाजूची फळी डुगडुगायला लागली. शेजारचे एक उत्साही सहकारी स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. फळीच्या आतल्या बाजूला एक चकचकीत गोल बटण असतं, ते त्यांनी घट्ट केलं, आणखी घट्ट केलं. 'टक्' असा आवाज झाला आणि फळी त्यांच्या हातात आली. "माल हलका आहे," ते म्हणाले.

मालाचा दोष नव्हता. जितकं आवळाल तितकं घट्ट, हा समज स्क्रूच्या बाबतीतही अर्धाच खरा आहे, आणि ते बटण तर स्क्रूच नाही. त्याला कॅम म्हणतात. एका फळीत बोल्ट रोवलेला असतो. त्याची मान बारीक, डोकं जाड. दुसऱ्या फळीला साधारण १५ मिलिमीटर व्यासाचं भोक पाडून त्यात कॅम बसवतात. बोल्टचं डोकं कॅमच्या पोटातल्या खाचेत शिरतं. ही खाच केंद्राभोवती सारख्या अंतरावर नसते, फिरता फिरता आत आत सरकत जाते. त्यामुळे कॅम फिरवला की डोकं आत ओढलं जातं आणि दोन फळ्या एकमेकींना भिडतात.

म्हणजे ही एक पाचरच. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकतो, तीच. ती रबराची आहे असं समजा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा, की झाला कॅम. पेन्सिलीच्या लांबीच्या दिशेने वर चढवत गुंडाळली, तर स्क्रूचे आटे तयार होतात.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रश्न: अर्धा फेरा फिरवून हात काढला, तर कॅम उलटा का फिरत नाही? आत बोल्ट तर ताणलेला आहे, तो सुटायलाच बघतोय.

जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकावर एक नाणं ठेवा आणि पुस्तक हळूहळू तिरकं करा. एका ठराविक कोनाला नाणं घसरतं. त्यावर तसलंच दुसरं नाणं चिकटवलंत, तरी कोन जवळपास तोच राहतो. वजन दुप्पट झालं की खाली ओढणारा जोर दुप्पट होतो, पण घर्षणही दुप्पट होतं. हा घर्षणकोन. घर्षणांक, म्हणजे घर्षणाचं दाबाशी असलेलं प्रमाण, ०.२ असेल, तर हा कोन सुमारे ११ अंश भरतो, कारण ११.३ अंशांचा टॅन ०.२ असतो.

समजा, कॅमची खाच अर्ध्या फेऱ्यात दीड मिलिमीटर आत सरकते आणि तिची सरासरी त्रिज्या साडेचार मिलिमीटर आहे. अर्ध्या वर्तुळाची लांबी झाली १४.१ मिलिमीटर. १४.१ ला दीडचा चढ म्हणजे सुमारे ६ अंश. घर्षणकोनापेक्षा हा चढ कमी आहे, म्हणून पाचर जागची हलत नाही. बोल्टने कितीही ओढलं, तरी त्याच हिशोबाने घर्षण वाढतं. नेहमीच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टचे आटे एका फेऱ्यात १ मिलिमीटर चढतात, म्हणजे जेमतेम साडेतीन अंश. तोही याच कारणाने टिकतो. आकडेमोड नकोशी वाटली तर एवढंच धरा, की सांधा टिकतो तो मनगटाच्या जोरावर नाही, चढाच्या कोनावर.

फरक इतकाच, की आटे पुढेही चालू राहतात आणि कॅमची पाचर अर्ध्या फेऱ्यात संपते. त्यापुढे जोर केला की कुठलं तरी लेचंपेचं तुटतं. आमच्याकडे बोल्टच पार्टिकल बोर्डातून भुसा घेऊन उपटला गेला.

पण मुळात फळी डुगडुगत का होती? कॅम दोन फळ्या ओढून धरतो. फळी आडवी सरकू न देण्याचं काम त्याच्या शेजारी बसणाऱ्या लाकडी खुंट्यांचं, म्हणजे डॉवेलचं. ते नसले की टेबलाला मांडी लागेल तेव्हा फळी केसभर आडवी सरकते. आणि घर्षणाचं असं आहे, की ते एकाच कामाला पुरतं. रबरी नळी नळाच्या तोंडावरून नुसती ओढून निघत नाही, पिळत पिळत ओढली की अलगद येते. पिळताना सगळं घर्षण त्या दिशेला खर्ची पडतं, ओढायला आडकाठीच उरत नाही. नट-बोल्ट आडव्या हादऱ्यांनी ढिले होतात ते असेच. १९६९ साली जर्मन इंजिनियर गेरहार्ड युंकर यांनी हे यंत्रावर मोजून दाखवलं. कॅमचंही तेच.

पार्टिशनमध्ये ही पाचर उभी असते. खांबाला खाचा, टेबलाच्या ब्रॅकेटला निमुळते आकडे, म्हणजे हूक. आकडे खाचेत घालून ब्रॅकेट खाली दाबला, की टेबलाचं वजनच पाचर ठोकत राहतं. हत्यार लागत नाही. मात्र टेबल खालून उचललं तर आकडे तितक्याच सहज निघतात, म्हणून तिथे एक छोटी क्लिप असते आणि फिटर घाईत असला की तीच राहून जाते.

पार्टिशन उभं राहणं ही आणखी वेगळी गंमत. दीड मीटर उंच, ५ सेंटिमीटर जाड पॅनेल एकटं उभं केलं, तर २ अंशही न कलता कोसळतं. लग्नपत्रिका मात्र दुमडली की उभी राहते. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६८ मध्ये अशी एकमेकांना कोनात जोडायची पॅनेलं बाजारात आणली, तेव्हा ती १२० अंशांत मांडावीत अशी त्यांची कल्पना होती. कंपन्यांनी जागा वाचवायला काटकोनी खुराडी केली. आमच्याकडे वास्तुवाल्या सल्लागारांनी ईशान्य मोकळी हवी म्हणून एक पॅनेल कोपऱ्यातून सोडवून सरळ रांगेत लावायला सांगितलं. सध्या ते फाइलींच्या कपाटाला टेकून उभं आहे.

टेबल दुरुस्त झालं. सुताराने उखडलेल्या भोकात लाकडाची गुल्ली फेविकॉल लावून ठोकली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात नवं भोक पाडलं. जाताना त्याने सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडायला सांगितला. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत डॉवेल होते, बाराच्या बारा.