सेमिनरीतला खून: एका रहस्यकथेमागचा इतिहास

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोकमध्ये, समुद्र हळूहळू गिळत चाललेल्या कड्याजवळ सेंट अँसेल्म्स नावाची सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारं कॉलेज आहे. पाद्री होण्यासाठी आलेले जेमतेम वीस विद्यार्थी तिथे राहतात. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, मधे ग्रीक आणि धर्मशास्त्र. एके दिवशी त्यांच्यातला एक जण कड्याखाली, ढासळलेल्या वाळूत गाडलेला सापडतो. इंग्लिश लेखिका पी. डी. जेम्स यांची ‘डेथ इन होली ऑर्डर्स’ ही कादंबरी २००१ साली आली ती या प्रसंगापासून सुरू होऊन. कॉलेज काल्पनिक आहे. पण पाद्री घडवणाऱ्या घरात खुनाची गोष्ट का रुजते, याला मोठा इतिहास आहे.

सुरुवात बायबलच्या परिसरातूनच करावी लागते. वसईच्या कॅथलिक घरातल्या बायबलमध्ये दानिएलच्या पुस्तकाचे तेरावा आणि चौदावा असे दोन अध्याय असतात. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ते नाहीत. तेराव्यात सुसान्नावर दोन वडीलधारे खोटा आळ घेतात. दानिएल दोघांना वेगळं करतो आणि एकच प्रश्न विचारतो: हे तुम्ही कोणत्या झाडाखाली पाहिलं? दोघं दोन वेगळी झाडं सांगतात आणि सुसान्ना वाचते. चौदाव्यात बाबिलोनच्या बेल देवाचा नैवेद्य रोज रात्री संपतो. दानिएल देवळात राख पसरून ठेवतो. सकाळी पुजाऱ्यांच्या आणि त्यांच्या बायकापोरांच्या पावलांचे ठसे उमटलेले असतात. साक्षीदारांची उलटतपासणी आणि पायाचे ठसे, दोन्ही इथे आहेत. रहस्यकथाकार डोरोथी सेयर्स यांनी १९२८ साली रहस्यकथांचा मोठा संग्रह काढला, तेव्हा या दोन्ही कथा त्यात घेतल्या. मला ती निवड फार रास्त वाटते.

आधुनिक काळात पाद्री गुप्तहेर झाला तो १९१० साली, जी. के. चेस्टरटन यांच्या फादर ब्राउनच्या रूपाने. त्यामागे खरा माणूस होता, यॉर्कशरमधले फादर जॉन ओकॉनर. चेस्टरटन यांनी आत्मचरित्रात लिहिलंय की एकदा फिरताना ओकॉनर यांनी गुन्हेगारीबद्दल जे सांगितलं, ते ऐकून चेस्टरटन हादरले. नंतर दोघं ज्या घरी परतले, तिथे केंब्रिजचे दोन विद्यार्थी पाद्रीसाहेबांशी गप्पा मारत होते; ओकॉनर खोलीबाहेर गेल्यावर ते म्हणाले, चार भिंतींत राहणाऱ्या माणसाला जगातल्या दुष्टपणाची काय कल्पना असणार! फादर ब्राउनचं बीज या विसंगतीत आहे. कुमसाराला, म्हणजे लोकांच्या पापांची कबुली ऐकायला, बसणाऱ्या माणसाच्या कानावर आयुष्यभर काय काय येतं, याचा विचार त्या मुलांनी केलाच नव्हता. पुढे १९२२ साली चेस्टरटन कॅथलिक झाले, तेव्हा ओकॉनरच त्यांच्याजवळ होते.

धर्मशास्त्राचा अभ्यास आणि गुन्ह्याचा तपास यांची खरी गाठ मात्र रोनाल्ड नॉक्स यांनी दाखवून दिली, आणि ती मला या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. नॉक्स मँचेस्टरच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, बिशपांचे चिरंजीव. भाऊ डिलविन पुढे जर्मनांच्या एनिग्मा या सांकेतिक संदेशांच्या यंत्राची गुपितं फोडणाऱ्यांत होता, म्हणजे कोडी घरातच होती. त्या काळी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जर्मन पंडितांची बायबल-चिकित्सा शिकावी लागे: येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतली कोणती आधीची, कुणी कुणाचा मजकूर उचलला, कुठे दुसऱ्याच हाताची भर पडली. १९११ साली ऑक्सफर्डमध्ये नॉक्स यांनी हीच पद्धत शेरलॉक होम्सच्या कथांना लावली आणि वॉटसनच्या नावावर लिहिणारा दुसराच कोणी होता का, याची गंभीर चेहऱ्याने छाननी केली. हेतू त्या चिकित्सेची थट्टा करण्याचा होता. पण त्यातून एक गोष्ट उघडी पडली: चार जबान्या समोर ठेवून त्यांतल्या विसंगती शोधणं हे धर्मशास्त्राच्या वर्गात रोजच चालतं.

नॉक्स १९१७ साली कॅथलिक झाले, १९१९ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि वेअर इथल्या सेंट एडमंड्स कॉलेजात ते शिकवू लागले. तिथे असतानाच, १९२५ साली, त्यांची पहिली रहस्य कादंबरी आली. १९२९ साली त्यांनी रहस्यकथेच्या दहा आज्ञा लिहिल्या. त्यातली दुसरी आज्ञा अशी, की कथेत अलौकिक शक्तीने उलगडा करायचा नाही. चमत्कारांवर श्रद्धा असलेल्या धर्मगुरूने हा नियम घालावा, यात मला विरोधाभास दिसत नाही. ईश्वराने दिलेली बुद्धी वापरायची जागा कुठली, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. पुढे याच माणसाने लॅटिनमधून संपूर्ण बायबल इंग्रजीत आणलं.

सेयर्सही पाद्र्याचीच मुलगी. १९३५ साली त्यांनी ऑक्सफर्डमधलं स्त्रियांचं कॉलेज रहस्यकथेत आणलं, तेही एकही खून न पाडता. १९४८ साली कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी एका निबंधात म्हटलं की रहस्यकथेला एक बंद, निष्पाप वाटणारा समाज लागतो. खुनामुळे प्रत्येकावर संशयाची सावली पडते आणि खरा अपराधी सापडल्यावरच बाकीचे मोकळे होतात. पाद्री-विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाइतका असा समाज दुसरीकडे कुठे मिळणार?

ही वसतिगृहं मात्र फार जुनी नाहीत. कॅथलिक चर्चमध्ये सेमिनरीचा नियम १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेत झाला. इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथलिक पाद्री होणं जिवावरचं होतं. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज रोममध्ये जेझुइट, म्हणजे येशूसंघी, झाले आणि १५७९ साली गोव्याला आले, तेही याच काळात. त्यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं. अँग्लिकन पाद्र्यांना मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी पुरत असे. मग १८३९ साली चिचेस्टर, १८४० साली वेल्स आणि १८५४ साली बिशप विल्बरफोर्स यांचं कडसडन अशी धर्मशिक्षणाची कॉलेजं निघाली. कडसडनमधली शिस्त मठासारखी. लगेच ओरड झाली की इथे मुलांना रोमच्या, म्हणजे कॅथलिक होण्याच्या, वाटेवर नेतात, आणि त्या वादळानंतर १८५९ साली उपप्राचार्य हेन्री लिडन यांना जावं लागलं. जेम्स यांनी सेंट अँसेल्म्सची स्थापना १८६१ची दाखवली आहे, ती याच लाटेतली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ही लाट ओसरली. उमेदवार घटले, त्यांतले बरेच जण वयाने मोठे, संसारी. घरी राहून शिकण्याचे अभ्यासक्रम वाढले. १९९४ साली चिचेस्टरच बंद पडलं. त्याच वर्षी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांना प्रथम पौरोहित्याची दीक्षा मिळाली आणि जुन्या पठडीतल्या कॉलेजांपुढे नवे प्रश्न उभे राहिले. जेम्स हे जवळून पाहत होत्या. त्या चर्चच्या उपासना आयोगावर होत्या आणि १६६२च्या जुन्या प्रार्थनापुस्तकावर त्यांचं मनापासून प्रेम होतं. म्हणून त्यांच्या कादंबरीतला बळी कोण, हे पाहण्यासारखं आहे: कॉलेज बंद करायला निघालेला आर्चडिकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ पाद्री, तोही कॉलेजच्याच चर्चमध्ये मारला जातो. तिथल्या प्रत्येक पाद्र्याकडे त्याचा राग करायला कारण आहे, आणि लेखिकेचाही जीव त्या जुन्या भिंतींत अडकलेला दिसतो. तरीही जेम्स आर्चडिकनला खलनायक करत नाहीत; त्याच्या दुःखांनाही पानं देतात. कथेत एक पपायरस, म्हणजे प्राचीन हस्तलेखही आहे, येशूला क्रुसावर पाठवणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताच्या हुकुमाचा म्हणून जपलेला, येशूच्या देहाबद्दलचा. तो खरा की बनावट, हा प्रश्न थेट नॉक्स यांच्या वर्गातला. तपास करणारा ॲडम डॅलग्लिशही पाद्र्याचा मुलगा. लहानपणीच्या सुट्ट्या त्याने याच कॉलेजात घालवल्या आहेत. श्रद्धा मात्र मागे राहिली आहे.

आणि तो कडा खरा आहे. सफोकच्याच किनाऱ्यावर डनिच नावाचं मध्ययुगातलं भरभराटीचं बंदर होतं. १२८६च्या वादळापासून समुद्राने ते घर घर करत नेलं. तिथलं ऑल सेंट्स चर्च १९०४ साली कड्यावरून कोसळायला लागलं आणि १९१९ साली त्याचा बुरूज खाली गेला.